रहाटाची तार

१

सांगलीच्या गावभागात अनसूयाबाईंच्या सोवळ्याला सगळे वचकून असत. सकाळी त्या आडाकडे निघाल्या की परसातली माणसं आपोआप भिंतीला चिकटायची. चुकून कुणाचा पदर लागला की झालं! पुन्हा स्नान, पुन्हा पाणी, आणि वर दिवसभर तोंडाचा पट्टा. नवरा गेल्यापासून लाल अलवण, डोक्यावरून पदर, मनगटं मोकळी. आणि त्या मोकळ्या हातांना कुणाचा स्पर्श म्हणून खपत नसे. मुलगा गंगाधर लहानपणी गुडघा फोडून रडत आला, तेव्हाही बाईंनी "लांब, लांब!" म्हणत गुळाचा खडा जमिनीवर ठेवला होता आणि पोरानं तो तिथून उचलून खाल्ला होता. आता गंगाधर हायस्कुलात मास्तर होता, पण आईशी बोलताना अजूनही अंतर राखूनच उभा राहायचा.

त्या दिवशीही रोजचंच चाललं होतं. परसात आड, आडावर लोखंडी रहाट. पोहरा वर आला की डावा हात रहाटाच्या खांबावर टेकायचा आणि उजव्या हातानं पोहरा काठावर ओढून घ्यायचा, हे काम बाईंनी झोपेतसुद्धा केलं असतं. त्यांनी डावा हात टेकला आणि त्या हातावर कुणीतरी हात ठेवला.

हात ओला होता, गार होता. पाय घसरला की बाईमाणूस आधाराला जे सापडेल ते धरतं, तसा धरलेला.

बाईंना भीती वाटली नाही, संताप आला. "कोण शिवलं गं मला?" म्हणून त्या गरकन वळल्या. मागं कुणी नव्हतं. नवी सून पद्मा पार तिकडं ओसरीवर केर काढत होती, ती केरसुणी हातात धरून जागच्या जागी थिजली.

"मी इथंच आहे सासूबाई," ती म्हणाली.

बाईंनी पोहऱ्यातलं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा अंगावर पाणी घेतलं. कोण शिवलं ते ठाऊक नसलं, तरी शिवलं होतं एवढं खरं होतं.

२

नवी सून म्हटलं म्हणजे आधी एक जुनी होती हे आलंच. विनोदिनी तिचं नाव. साताऱ्याची, हसरी पोर. हिरव्या बांगड्यांची तिला भारी हौस, हात कसे भरलेले असायचे. ती घरात हिंडू लागली की त्या बांगड्यांचा किणकिणाट आधी यायचा, आणि बाई तेवढ्यावरून बाजूला सरायच्या. सुनेचा एवढाच उपयोग, असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि शेजारणी हसायच्याही.

युद्ध संपत आलं होतं त्या उन्हाळ्यात गंगाधरनं हौसेनं आडावर विजेची मोटार बसवली. घर जुनं, वीज होती ती नुसती दिव्यांपुरती. मोटार आली, न्हाणीत लोखंडी नळ आला. मिस्त्रीनं केळीच्या आळ्याशेजारी खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ घातलं. त्या पत्र्याची तार त्यानं आधी रहाटाच्या खांबापाशी आणली. तिथं दुसऱ्या तारेशी पीळ घालून जोड दिला, आणि ती दुसरी तार पुढं मोटारीला आणि न्हाणीच्या नळाला नेली. मोटारीतली वीज कधी नळात उतरलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेनं जमिनीत जाईल, असं त्यानं सगळ्यांना बोट दाखवून समजावून सांगितलं होतं.

त्याच श्रावणात विनोदिनी चौथ्या दिवसाच्या न्हाणाला गेली, तिनं नळ धरला आणि तिथंच चिकटली. अनसूयाबाई न्हाणीच्या दाराशी होत्या, सोवळ्यात, भरली घागर कमरेवर. पोरीचा एक हात नळाला, दुसरा बाईंकडे पसरलेला. बाई मागं सरल्या.

लोकांनी बाईंचं कौतुक केलं बरं का! "वेळीच मागं सरलात काकू म्हणून वाचलात. शिवला असतात तर तुम्हीही गेला असतात." समाचाराला येणारी प्रत्येक बाई हेच बोलून गेली आणि बाई नुसती मान हलवत राहिल्या. त्या क्षणी विजेचा विचारसुद्धा त्यांच्या मनात आला नव्हता. बाहेर बसलेली पोर, अजून डोक्यावरून पाणी न घेतलेली, आपल्या सोवळ्याकडे हात लांबवते आहे, एवढंच त्यांना दिसलं होतं. तिला फेफरं आलंय असं त्यांना वाटलं, आणि तरी त्या सरल्या. हे सांगणार कुणाला?

सगळा दोष मिस्त्रीवर आला. जोड कच्चा ठेवला म्हणाले. त्याला गावात कुणी काम देईना, तेव्हा तो बायकापोरं घेऊन लोणंदकडे निघून गेला. आणि वर्ष सरायच्या आत गंगाधरनं वाईची पद्मा करून आणली. घरात पोळ्या लाटायला कुणी नको का?

३

रॉकेल मिळेना झालं तेव्हा गंगाधरच्या डोक्यानं विजेची शेगडी घेतली. माजघरात नवी लाईन ओढायची म्हणून त्यानं कृष्णातला बोलावलं. कृष्णात कडेगावकडचा, लष्करातून नुकताच सुटून आलेला, विजेची कामं तिथंच शिकलेला. विनोदिनी गेल्यापासून बंद ठेवलेली मोटार न् नळ बघून तो आडाच्या काठावर बूड टेकून बसला.

"लाईन देतो की वाढवून, मास्तर. पर आदी ह्ये समदं लोखंड एका तारंला बांधाय पायजे. जुन्या घरात नवी लाईन म्हंजी पयली जमिनीची तार बगायची, मग बाकीचं. त्याबिगर म्या खिळा मारणार न्हाई."

"बांध की मग," गंगाधर म्हणाला.

"रहाटाला नको," बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाल्या. "न्हाणीचं सांडपाणी मुरतं त्या खड्ड्यात. तिथली तार माझ्या रहाटाला? बाहेर बसलेल्या बाईनं तिकडं नळ धरला की इकडं माझ्या पाण्याला शिवलंच की! एका तारेत बांधलं की सगळं एकच झालं."

"आवं काकू, त्येच तर पायजे!" कृष्णात हसून म्हणाला. "समदं एकच झालं की कुणाला धक्का बसत न्हाई. ह्ये लोखंड येगळं न् त्ये येगळं ऱ्हायलं, तवाच मानूस मदी घावतो."

हसत हसत तो रहाटाच्या खांबाशी वाकला, जुन्या तारेची दोन्ही टोकं त्यानं हातात घेतली, आणि त्याचं हसू गेलं.

"मास्तर, आदीच्या गड्याला उगंच बोल लावला तुमी. ही तार सुटलेली न्हाई. ह्ये बगा, एकेक पीळ सरळ केलाय. कुनीतरी बसून हातानं उलगडलीया."

"उंदीर-बिंदीर असतील," गंगाधर म्हणाला. एवढा शिकलेला माणूस, पण त्याला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

"उंदराचं काम न्हवं ह्ये."

पद्मानं सासूबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मला पाणी आणायचंय. सरा सगळे."

तार बाईंनीच उलगडली होती. तेव्हा मिस्त्रीची पाठ फिरताच त्यांनी पदर खोचून ते काम केलं होतं. रहाट तेवढा वेगळा करायचा होता, पुढचं आपल्याला कुठं ठाऊक होतं, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. मिस्त्रीनं बोट दाखवलं तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या, ही गोष्ट मात्र त्या स्वतःला कधी सांगत नसत.

४

रहाटावरचा हात आता रोज येऊ लागला. बाईंचं मन सारखं कारणं शोधायचं. थंडी असेल, वात असेल, ओल्या हाताला लोखंड असंच लागत असेल. शेवटी त्यांनीच लेकाला सांगितलं, "रहाटात वीज उतरलीय. त्या कृष्णातला बघायला सांग."

कृष्णातनं खांबाला दिव्याचा गोळा लावून पाहिला, तो लागला नाही. मग वर फ्यूज उपटून खिशात टाकला आणि खुशाल दोन्ही हातांनी खांब धरला.

"काय सुदिक न्हाई. आता तुमी धरा बगू, काकू."

लख्ख ऊन होतं. समोर मुलगा, सून, शेजारचे तात्याबा काका, एवढी माणसं उभी होती. बाईंनी खांब धरला. हात आला. या वेळी तो वरून टेकला नाही. एकेक बोट त्यांच्या बोटांमध्ये घालून, पंजात पंजा गुंतवून बसला. पाण्याचा एक थेंब मनगटावरून कोपराकडे ओघळला. बाईंचे हात कोरडे होते.

"काय लागतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? मुलाला काय सांगायचं, की बाबा रे, तुझी गेलेली बायको माझा हात धरून उभी आहे? वेड लागलं म्हणून मिरजेच्या इस्पितळात टाकला असता त्यानं. वैद्यांनी वाताचं तेल दिलं आणि बाईंनी ते मुकाट्यानं चोळलं.

कृष्णातनं मग काम पुरं केलं. खड्ड्यात ताजं मीठ-कोळसा घातला, रहाट, मोटार, नळ, शेगडी, सगळं एका तांब्याच्या तारेत ओवलं. पद्मा त्याच्यामागं हिंडून प्रत्येक जोड बघत होती. "ह्यो पीळ रोज बगत जावा वैनी, आन् खड्ड्यात तांब्याभर पानी वतत जावा," तो तिला म्हणाला. ती रोज बघू लागली.

५

तार ओवल्यावर तो हात घरात आला.

आधी माजघरातल्या शेगडीशी, मग दाराच्या कडीशी, मग चिमट्याशी. कडीला कुठं तार होती? चिमट्याला कुठं होती? बाई पदरानं धरून वस्तू उचलू लागल्या. मग एका सकाळी त्यांनी देवापुढं घंटेचा दांडा धरला आणि त्यांच्या बोटांवरून ओली बोटं मिटली. त्यांनी घंटा हलवली, ती वाजली नाही. आतून लोलक कुणी धरून ठेवावा, तशी ती मुकी राहिली. देवासमोर! बाईंना रडू फुटलं. उभ्या जन्मात जपलेलं सोवळं असं कणाकणानं भिजवलं जात होतं, आणि तक्रार करायला जागा नव्हती. दिवसातून कितीदा अंगावर पाणी घ्यायचं? त्यांच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली.

विचार करकरून त्या एका गोष्टीवर येऊन बसल्या. सगळं एका तारेत बांधलं म्हणून हे झालं. तार सोडवली की ते जिथून आलं तिथं परत जाईल. जिवंत माणसाच्या डोक्याला पटेल असाच हा हिशेब होता, निदान बाईंना तो पटला.

त्याच आठवड्यात पद्मा बाहेर बसली. मागच्या पडवीत घोंगडीवर बसून ती लांबूनच म्हणाली, "सासूबाई, एक विचारू? रागावू नका."

"काय ते बोल."

"मला त्या नळाची फार भीती वाटते. रोज तारेचा पीळ पाहिल्याशिवाय मी नळाला हात लावत नाही. पण आता मला आडाकडे येता येणार नाही. तेवढा पीळ तुम्ही बघाल ना? चौथ्या दिवशी मी न्हायला जायच्या आधी?"

पोर काकुळतीला येऊन विचारत होती. तिच्याआधी त्या नळापाशी कोण गेली होती हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"बघीन," बाई म्हणाल्या.

६

चौथ्या दिवशी उजाडल्यावर गंगाधर कृष्णेवर आंघोळीला गेला. बाई आडावर आल्या. पद्मा अजून पडवीत होती. तिची अंघोळ व्हायला वेळ आहे. तोवर जोड सोडवून बघू, आपली घागर सुखानं भरू, मग पुन्हा पीळ घालून ठेवू. अपाय काहीच नाही. मोटार बंद तर आहे.

त्यांनी पहिला पीळ सोडवला. ओली बोटं त्यांच्या बोटांवर आली.

ती त्यांना ओढत नव्हती, दुखवत नव्हती. बाईंनी जेवढा पीळ सोडवला, तेवढा ती पुन्हा घालत होती. बाईंनी दात-ओठ खाऊन दुसरा सोडवला. तोही परत वळला. सकाळच्या स्वच्छ उजेडात, कावळे ओरडत असताना, एक म्हातारी रहाटाच्या खांबाशी एका तारेसाठी झोंबत होती आणि समोर कुणी नव्हतं.

"सोड! शिवू नकोस मला! मेलीस तरी शिवतेस?" बाई किंचाळल्या आणि त्यांनी सगळ्या ताकदीनं हिसडा दिला. टोकं दोन बाजूंना झाली.

हात गेला.

बाईंनी खांब चाचपला. नुसतं लोखंड. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पोहरा सोडला, शेंदला, तांब्याची घागर काठोकाठ भरली. हे एवढं निर्मळ पाणी आधी देवघरात नेऊन ठेवू, मग तारेचं बघू. त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि वळल्या, आणि मागं मोटार घुरघुरू लागली.

पद्मानं न्हाणीतलं बटण दाबलं होतं. सासूबाई आडावर आहेत म्हणजे त्यांनी पीळ पाहिला असणार, अशी तिनं खात्री धरली होती.

७

बाई न्हाणीच्या दाराशी पोचल्या तेव्हा पद्माचा एक हात नळाला होता. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. दुसरा हात तिनं बाईंकडे पसरला.

बटण दारालगतच्या भिंतीवर होतं, लाकडी फळीवर. हात घातला असता तर पोचला असता. पण मधे तो हात पसरलेला होता, चौथ्या दिवसाचा, न न्हालेला, आणि तो बाईंच्या अलवणाला लागणार होता.

बाई मागं सरल्या.

काय केलं हे त्यांना पाय मागं पडल्यावर कळलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग त्यांना मागून किणकिणाट ऐकू आला. आडाकडून येत होता, भरल्या हातांचा, घाईचा. आणि बाई सवयीनं बाजूला सरल्या. त्यांनी वाट दिली.

काहीतरी ओलं त्यांच्या जवळून गेलं, पण लागलं नाही. फार जपून गेलं.

धप्पकन आवाज झाला आणि मग पद्माचं रडणं ऐकू आलं. बाईंनी डोळे उघडले. पोर नळापासून लांब, कोपऱ्यात, मनगट छातीशी धरून बसली होती. बाईंची घागर खाली पडली होती. ती कधी निसटली ते त्यांना आठवेना.

८

आळी गोळा झाली. गंगाधर ओल्या धोतरानं धावत आला. पद्मा हुंदके देत एवढंच म्हणाली, "मनगट धरून ओढलं मला. किती जोरानं!"

मग काय विचारता! काकूंनी जिवावर उदार होऊन सुनेला वाचवलं. सोवळ्याची पर्वा केली नाही. मागल्या खेपेला हुशारीनं मागं सरल्या, या खेपेला धीरानं पुढं झाल्या. तात्याबा काकांनी तर हात जोडले. गंगाधरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो, आयुष्यात पहिल्यांदा, आईच्या पायांना शिवायला वाकला. बाई मागं सरल्या.

बोलावणं जाताच आलेला कृष्णात आडाजवळ उकिडवा बसला होता. त्यानं दोन्ही टोकं बोटांत धरून बराच वेळ पाहिली, मग बाईंकडे पाहिलं. "आता कथलाचा डाख देतो," तो म्हणाला. "आता कुनाच्या हातानं सुटायची न्हाई." त्या दिवशी त्यानं घरचा चहाही घेतला नाही.

तिन्हीसांजेला बाई देवघराबाहेर बसल्या होत्या. पद्मा दुधाची वाटी घेऊन आली, लांबच थांबली आणि तिनं वाटी जमिनीवर ठेवली.

"लोकांना मी काही सांगितलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली, "सांगणारही नाही. पण मला धरलं त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, सासूबाई."

तिनं बाईंच्या मोकळ्या मनगटांकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. तिच्या स्वतःच्या मनगटावर बांगड्यांच्या गोल काठांचे वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी घंटा खणखणीत वाजली. चिमटा नुसता चिमटा होता, कडी नुसती कडी. बाईंचं पाणी निर्मळ होतं, सोवळं अभंग होतं, घरात त्यांना कुणी शिवत नव्हतं. पद्मा ताट लांबून सरकवायची आणि निघून जायची. गंगाधर पुन्हा वाकला नाही. कधी सकाळी न्हाणीतून पद्माचं हळू बोलणं ऐकू यायचं, मैत्रिणीशी बोलावं तसं, मधूनच हसणंही. "कोण आहे गं तिथं?" बाई विचारायच्या. "कुणी नाही सासूबाई," आतून उत्तर यायचं.

बाई मग आडावर जायच्या. पोहरा काठावर आला तरी डावा हात रहाटाच्या खांबावरून काढायच्या नाहीत. अंगावरचं ओलं अंगावरच वाळायचं. एका सकाळी शेजारच्या हरणाबाईंनी भिंतीवरून पाहिलं, तर काकू दोन्ही हातांनी खांब धरून उभ्या, आणि त्या लोखंडाला खालच्या आवाजात विनवत होत्या.

"शिव की गं," त्या म्हणत होत्या. "एकदा शिव की."

डाख दिलेली तार उन्हात चमकत होती. बाईंना कुणी शिवलं नाही.